'नैतिक नेतृत्व' हा विषय गळ्यात पडलाय. तासांच्या वहीपलीकडे काय करता येईल?

रिकामा_फळा

नमस्कार मंडळी,

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. यंदा विभागप्रमुखांनी "तुमचा कार्यभार थोडा कमी भरतोय" म्हणत एक नवा विषय माझ्या गळ्यात घातला: 'नैतिक नेतृत्व आणि समाजसहभाग'. दोन क्रेडिटचा, सगळ्या शाखांना सक्तीचा. अर्धे तास वर्गात, अर्धे बाहेर एखाद्या संस्थेत.

अभ्यासक्रम हातात आला तो दीड पानाचा. पहिल्या घटकात मूल्यांची व्याख्या, प्रकार, महत्त्व. दुसऱ्यात थोर नेत्यांची चरित्रं. तिसऱ्यात 'नैतिक नेत्याचे गुण', म्हणजे परीक्षेला 'कोणतेही पाच लिहा' येणार हे सांगायला ज्योतिषी नको. चौथा घटक समाजकार्य: ठरलेले तास भरा, संस्थेचं प्रमाणपत्र आणा, गुण घ्या.

आकड्यांत दिवस जातो माझा, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडतो की याने काही फरक पडतो का, आणि पडत असेल तर मोजायचा कसा. 'मी प्रामाणिक आहे: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ' छापाची प्रश्नावली सत्राच्या आधी आणि नंतर भरून घेतली की आकडे सुंदरच येतील. मॅडमना काय हवंय हे मुलं पहिल्या ओळीतच ओळखतात.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "अहो, एक वक्ता बोलवा, फोटो काढा, अहवाल द्या, सुटलात." खोटं नाही, तसं केलं तर सुटेनच. पण साठ जण सत्रभर समोर बसणार आहेत, आणि मला कंटाळवाण्या तासाची भीती अनैतिक विद्यार्थ्यापेक्षा जास्त वाटते.

ज्यांनी असं काही शिकवलंय, किंवा ज्यांच्या संस्थेत अशी मुलं येतात, त्यांनी कृपया लिहावं. घटकांची नावं बदलायची मुभा नाही. घटकाखाली काय करायचं ते मात्र कुणी बघायला येत नाही.

---

परखड

संस्कार घरात होतात, नाहीतर होत नाहीत. विसाव्या वर्षी आलेल्या पोराला दोन क्रेडिटांत हरिश्चंद्र करणार का?

एन्रॉन आठवते? हिशेबाच्या घोटाळ्यात बुडालेली ती अमेरिकन ऊर्जा कंपनी. साठाहून जास्त पानांची आचारसंहिता होती त्यांची. जुलै २००० ची, वर अध्यक्षांची प्रस्तावना. डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरी. त्यांचे माजी सीईओ जेफ स्किलिंग हार्वर्डचे एमबीए, पुढे तुरुंगात गेले. अडाणी कोणीच नव्हतं त्यात.

वक्ता बोलवा, फोटो काढा. सहकारी शहाणे आहेत तुमचे.

---

दुपारची_पाळी

परखडराव, अर्धं पटलं. मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिते.

एरिक श्विट्झगेबेल नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. नीतिशास्त्र शिकवणारे लोक इतर प्राध्यापकांपेक्षा बरे वागतात का, हे ते अनेक वर्षं तपासत होते. उत्तर बहुतेक वेळा 'तसं काही दिसत नाही' असंच आलं. ग्रंथालयातून नीतिशास्त्राची पुस्तकं तत्त्वज्ञानाच्या इतर पुस्तकांपेक्षा जास्त गायब होतात, हेही त्यांनीच मोजलं! म्हणजे शंका घेणाऱ्यांत ते तुमच्याही पुढचे.

पण त्याच माणसाने सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतले तेराशेहून जास्त विद्यार्थी. काही गटांत मांसाहाराच्या नैतिकतेवर चर्चा, बाकीच्यांत दानधर्मावर. नंतर मुलांना 'तुम्हाला काय वाटतं' एवढंच विचारून थांबले नाहीत, कॅम्पसवरच्या खरेदीच्या पावत्या तपासल्या. पहिल्या गटात मांस असलेल्या खरेदीचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ वर आलं. दुसऱ्या गटात हललं नाही. फार मोठा फरक नाही, पण शून्यही नाही. रिकामा_फळा, मोजायचं असेल तर असं मोजा, पावतीवरून. प्रश्नावली फेका.

दुसरी गोष्ट, बाहेरच्या तासांचं वेळापत्रक करण्याआधी वाचाल म्हणून सांगते. डार्ली आणि बॅटसन, १९७३. धर्मगुरू व्हायला निघालेले प्रिन्स्टनचे विद्यार्थी. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारापाशी खोकत, कण्हत पडलेला. काहींचं भाषण होतं वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याच्या बायबलमधल्या गोष्टीवर! ज्यांना 'वेळ आहे' सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' सांगितलं होतं त्यांतले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

तेव्हा सत्राच्या शेवटच्या आठवड्यात, चार विषयांच्या जर्नलच्या गर्दीत समाजकार्य ठेवलंत तर मुलं दगडाची आहेत म्हणू नका.

---

किर्द_खतावणी

मॅडम, मी शिक्षक नाही. स्वयंसेवी संस्थांचे हिशेब तपासण्यात उमर गेली, आता निवृत्त आहे. तुमच्या चौथ्या घटकाबद्दल मला बोलायचंय, कारण त्या तासांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. हिशेबाशी त्यांचा संबंध नसतो, पण अनुदानाच्या फायलीत 'स्वयंसेवक सहभाग' म्हणून हमखास लावलेल्या असतात.

त्या कशा असतात सांगतो. तारीख, काम, तास, सही असे चार रकाने. तारखा वेगवेगळ्या महिन्यांतल्या, शाई मात्र एकच. अक्षराचा कल एकच, पेन कुठे उचललंय तेसुद्धा कळत नाही. रोज बरोबर दोन तास. कधी पावणेदोन नाही की सव्वादोन नाही. माणूस खरंच राबतो तेव्हा तास असे गोल निघत नाहीत. एका वहीत तर संस्थेला आठवड्याच्या सुटीचं कुलूप असतं त्या वारीही 'वाचनवर्ग, २ तास'. सही करणाऱ्या कार्यकर्तीला विचारलं. ती बिचारी म्हणाली, "पोरं शेवटच्या दिवशी येतात, रडकुंडीला आलेली असतात. नाही कसं म्हणायचं?"

आता विषयाचं नाव बघा आणि पोरगं काय शिकलं ते बघा. खोटा दाखला कसा मिळवायचा, आणि त्यासाठी भल्या माणसाची भीड कशी वापरायची. यापेक्षा तो विषय नसता तर बरं. तास मोजले की तास तयार होणारच, हे कोणताही तपासनीस सांगेल.

मग करायचं काय? माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी केलेलं सांगतो, मी त्यात वह्या तपासायला जात असे. त्यांनी तास रद्द केले. पाच-सहा जणांच्या गटाला संस्थेतलं एकच काम संपूर्ण सोपवलं, आणि काम असं निवडलं की त्यात पैसा किंवा वस्तू हातातून जाईल. शालेय साहित्याची खरेदी आणि वाटप, शिबिराची व्यवस्था, असलं. रोख एकाकडे, वही दुसऱ्याकडे, खरेदीला तिसरा. रोख आणि वही एका हातात द्यायची नाही, मग तो हात कितीही सज्जन असो. आणि महिनाअखेर हिशेब वाचायचा, तो प्राध्यापकांसमोर नाही. ज्यांच्यासाठी खरेदी झाली त्या पालकांसमोर, मोठ्याने, एकेक रकम.

एका गटाची रोख कमी भरली. रक्कम किरकोळ होती. गटप्रमुख मुलगा लगेच खिशातून घालून मोकळा व्हायला निघाला. चांगल्या घरचा, मनाने सरळ. वही जिच्याकडे होती ती मुलगी म्हणाली, "मग मी वहीत काय लिहू?" तो म्हणाला, "काहीच नाही, जुळलंच ना." ती ऐकेना. वाद चांगलाच रंगला, शेवटी दोघं माझ्याकडे आले.

बहुतेकांना वाटेल की खिशातून भरणारा तो खरा प्रामाणिक. हिशेबाच्या नजरेने तो वही खोटी करत होता. आज तूट खिशातून भरायची, तर उद्या रोख जास्त निघाली की ती खिशात घालायची का? मी एवढंच विचारलं. शेवटी 'तूट' म्हणून लिहिलं आणि तसंच वाचलं. वाचताना पोरीचा आवाज कापत होता. समोर बसलेल्या एका आईने विचारलं, "सामान उतरवून घेतलं त्या माणसाला दिलेले लिहिलेत का?" लिहिले नव्हते. तेवढ्याने अर्धी तूट निघाली. उरलेली कधीच सापडली नाही, वहीत ती अजून असेल.

तुमच्या तिसऱ्या घटकातले 'कोणतेही पाच गुण' त्या एका संध्याकाळी खोलीत होते, फक्त कोणी त्यांना क्रमांक घातले नव्हते.

---

नटबोल्ट

किर्दकाका, तुमच्या प्रतिसादाला +१. तुम्ही बाहेरचं सांगितलंत, मी वर्गातलं सांगतो. अभियांत्रिकीला व्यावसायिक नीती शिकवतो.

चरित्रं शिकवायचीच आहेत ना? मग एका संध्याकाळचं शिकवा. २७ जानेवारी १९८६. दुसऱ्या दिवशी सकाळी नासाचं चॅलेंजर अंतराळयान उडणार आहे. अग्निबाण बनवणाऱ्या थायोकोल कंपनीचे अभियंते आणि नासाचे अधिकारी फोनवर बैठकीत. रॉजर बॉइजोली आणि त्यांचे सहकारी सांगताहेत की थंडीत सांध्यांमधली रबरी कडी कडक होतात, ५३ अंश फॅरनहाइटखालचा अनुभव आपल्याकडे नाही, उडवू नका. कंपनी आधी त्यांच्या बाजूने उभी राहते. नासाकडून नाराजीचा सूर. मग कंपनी 'आम्ही आपसात बोलतो' म्हणून फोन बाजूला ठेवते, आणि त्या मधल्या वेळेत वरिष्ठ व्यवस्थापक जेरल्ड मेसन अभियांत्रिकीच्या उपाध्यक्षांना, रॉबर्ट लुंड यांना सांगतात की अभियंत्याची टोपी काढा, व्यवस्थापकाची घाला. लुंड मत बदलतात. सकाळी यान उडतं, ७३ सेकंदांनी फुटतं, सात जण जातात.

मी गोष्ट टोपीच्या वाक्यापाशी थांबवतो आणि मुलांना म्हणतो, तुम्ही लुंड. बोला. मनात नाही, तोंडाने. पहिल्यांदा सगळे एकतर भाषण ठोकतात ('माझ्या तत्त्वात बसत नाही!') किंवा गप्प बसतात. भाषणाने मेसन हलणार नाहीत हे त्यांना लगेच कळतं, कारण मेसनच्या जागी बसलेला विद्यार्थी हसतो. मग खरं काम सुरू होतं. कोणता आकडा पुढे करायचा? खोलीतलं दुसरं कोण आपल्या बाजूने बोलेल? 'नाही'ऐवजी 'दुपारपर्यंत थांबू' म्हणता येईल का? मेरी जेंटाइल यांची 'गिव्हिंग व्हॉइस टू व्हॅल्यूज' ही शिकवण्याची पद्धत याच धाटणीची आहे. योग्य काय ते ठरलंय असं धरून चालायचं, आणि ते पार कसं पाडायचं, कुणाला काय शब्दांत सांगायचं, याचा सराव करायचा.

आणि मॅडम, तुम्ही संख्याशास्त्राच्या म्हणून खास. तापमान आणि कड्यांचं नुकसान यांचा संबंध तपासताना फक्त नुकसान झालेली उड्डाणं पाहिली गेली. त्यावरून ठळक काहीच दिसत नाही, कारण एका उबदार दिवशीही नुकसान झालेलं होतं. नुकसान *न* झालेली उड्डाणं त्याच आलेखावर मांडा. अपघातानंतरच्या चौकशी आयोगाने मांडली. ६६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी ३ मध्ये नुकसान, आणि ६३ किंवा त्याखालच्या ४ पैकी चारही. हा तास तुमच्याइतका चांगला कोणी घेऊ शकणार नाही. आधी अर्धा आलेख द्या, निर्णय घ्यायला लावा, मग उरलेले ठिपके दाखवा. अर्धी माहिती घेऊन ठाम बोलणं आणि पुरावा तोकडा म्हणून गप्प बसणं, दोन्ही मुलांना स्वतःत दिसतं.

अवांतर: बॉइजोलींनी धोक्याचं पत्र आदल्या जुलैतच वरिष्ठांना लिहिलं होतं. अपघातानंतर चौकशीत खरं बोलले तर कंपनीत त्यांना एकटं पाडलं. पुढे ते विद्यापीठांमधून यावरच व्याख्यानं देत राहिले, १९८८ मध्ये त्यांना विज्ञानातल्या स्वातंत्र्य आणि जबाबदारीसाठीचा पुरस्कारही मिळाला. हे मुलांना सांगतो, लपवत नाही. खरं बोललं की शेवटी सगळं गोड होतं असं शिकवलं तर पहिल्या नोकरीत पोरं आपल्याला शिव्या घालतील.

---

पायरीवरून

मी दुसऱ्या बाजूची. संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवते, तुमची मुलं जिथे येतात ती जागा.

किर्दकाकांनी लिहिलेली ती सही करणारी कार्यकर्ती मीच असू शकते, आमच्याकडेही हेच. पण आमची तक्रार वहीची नाही. मुलं येतात ती ठरवूनच. 'आम्ही स्वच्छतेवर पथनाट्य करणार.' आमच्या वर्गातल्या मुलांना पथनाट्य नको असतं, त्यांना गणिताला कोणी बसलेलं हवं असतं. एका कॉलेजची मुलं आली, भिंत रंगवली, भिंतीवर कॉलेजचं नाव आमच्या नावाहून मोठं. फोटो झाले. महिन्याभराने पोपडे निघाले, ते आम्ही खरवडले.

शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, आम्हाला ती प्रशिक्षणात शिकवली गेली. तळाशी लोकांना नुसतं सहभागाच्या नावाखाली झुलवणं, मध्ये माहिती देणं, मत विचारणं, वर भागीदारी आणि सगळ्यात वर लोकांच्या हाती निर्णय. तुमच्या मुलांना प्रकल्पाच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला ती शिडी द्या आणि विचारा, आपण कितव्या पायरीवर आहोत. पथनाट्यवाले प्रामाणिक असतील तर 'माहिती देणं' म्हणतील, म्हणजे तिसरी. तिथून एक पायरी वर चढले तरी आमचं कल्याण.

दुसरं, कमी मुलं पाठवा पण टिकणारी. आमच्याकडचं लहान पोर एका ताईची सवय करून घेतं आणि ताई सत्र संपलं की गायब. यातही नैतिक प्रश्न आहे, पण तो कोणत्याच घटकात नसतो. शेवटच्या दिवशी पोरांना सांगून तरी जायला शिकवा.

---

परखड

पायरीवरून ताई, भिंतीचं पटलं. आमच्या इथेही एक अशीच भिंत आहे.

श्विट्झगेबेलच्या सात टक्क्यांवर माझा विश्वास नाही, वर्षभराने पावत्या बघा म्हणावं. पण ती 'वहीत काय लिहू' म्हणणारी पोरगी मला कामावर ठेवायला आवडेल.

---

रिकामा_फळा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्या आणि तिसऱ्या घटकात नटबोल्ट यांचा चॅलेंजरचा तास दोन भागांत घेणार, आलेख माझा. दुसऱ्यात बॉइजोली. चौथ्यात तास नकोत असं ठरवलंय. विद्यापीठाला तासांचा आकडा लागतोच, तर तो गटाच्या कामावरून मी लिहीन आणि सही माझी असेल. संस्थेच्या माणसाला त्या कागदापासून सोडवते. पायरीवरून ताई, पहिल्या आठवड्यात मुलं नुसती बसून ऐकायला येतील, काही करणार नाहीत, असं चालेल का? आणि बाहेरचं काम सत्राच्या दुसऱ्याच आठवड्यात सुरू, दुपारची_पाळी यांच्या त्या ६३ आणि १० मुळे.

एक अडकलंय. किर्दकाका, गुण कशावर द्यायचे? तूट लिहिणाऱ्या गटाचे गुण कापले तर पुढच्या वर्षी कुणाचीच तूट येणार नाही, खिसे रिकामे होतील फक्त. आणि तूट लिहिल्याचे गुण दिले तर साठातले पन्नास जण मुद्दाम तूट आणतील. मी ओळखते माझ्या वर्गाला.

---

पायरीवरून

चालेल काय, पळेल. फक्त सगळे एकदम नकोत, आमच्या खोलीत तेवढी जागा नाही.

---

किर्द_खतावणी

मॅडम, प्रश्न पक्क्या तपासनिसाचा आहे.

तुटीला गुण नाहीत आणि दंडही नाही. गुण माग लागण्यावर. मी वही उघडून मनाला येईल त्या पाच नोंदी काढतो आणि त्यांचा माग काढतो: बिल आहे का, बिलावरची वस्तू जागेवर पोचली का, ज्याला दिली तो 'हो, मिळाली' म्हणतो का. नोंदी कुठल्या निघणार हे गटाला आधी माहीत नसतं. पाचही नोंदींचा माग लागला तर पूर्ण गुण, मग खाली तूट असो वा नसो. वहीत न लिहिलेली तूट माझ्या तपासणीत निघाली तर मात्र सगळ्या गटाचे कापा, एकट्या खजिनदाराचे नाही. मुद्दाम आणलेली तूट यात टिकत नाही, कारण ती कुठल्या तारखेला, कुठल्या व्यवहारात पडली ते गटाला सांगावं लागतं, आणि पाच जणांना एकच खोटं तपशिलासकट सांभाळता येत नाही.

नोंदी काढायची पद्धत तुम्हाला मी काय सांगू, तुमचाच विषय आहे तो.

वह्या शिवलेल्या घ्या, आणि मुलांच्या हातात देण्याआधी प्रत्येक पानावर क्रमांक घाला. सुट्या कागदांवर कच्चा हिशेब लिहू देऊ नका, 'नंतर उतरवून घेतो' म्हणाले तरी. खाडाखोड झाली तर आडवी रेघ मारून शेजारी सही, व्हाइटनर पूर्ण बंद.